पास झालेल्या पोराला इंग्रजी वाचता येतं का?

(केम, ता. करमाळा, जि. सोलापूर इथल्या तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोलण्याची भाषा बहुतेक तशीच ठेवली आहे.)



तुम्ही पुण्या-मुंबईहून गाडीनं आलात. जेऊर गेलं, कुर्डुवाडीच्या अलीकडं केम आलं, उतरलात. स्टेशनवर पाटी आहे. आमच्या वस्तीतलं दहावी पास पोरगं त्या पाटीवरचं इंग्रजी वाचतं का? वाचतं. कारण तिथं केमच लिहिलेलं असणार हे त्याला आधीच ठाऊक आहे. आता त्याच पोरापुढं कर्जाचा कागद ठेवा. मागच्या बाजूला बारीक इंग्रजीत अटी छापलेल्या असतात त्या वाच म्हणा. पोरगं कागद उलटं करतं आणि विचारतं, सही कुठं करू?

पहिलं वाचन नव्हे, ती ओळख. दुसरं वाचन. आपल्या पोरांची परीक्षा पहिल्याची होते आणि आयुष्य दुसऱ्याचं येऊन पडतं. मला आज एवढ्यावरच बोलायचंय.

केम हे कुंकवाचं गाव. इथलं कुंकू लांबलांबच्या जत्रांत विकलं जातं. आमच्या आयाबाया रोजानं कामाला जातात, आणि पोरगी इंग्रजी वाचायला लागली की त्यांना बरं वाटतं. अशीच नववीतली एक पोरगी मी विहारात घेऊन बसलो. पुस्तक उघडलं. तिनं उतारा धडाधडा वाचला, एक अक्षर अडलं नाही. मी म्हटलं, "काय म्हनलंय गं ह्यात?"

ती म्हणाली, "दादा, तसं नसतंय. तुमी प्रश्न विचारा, मंग मी उत्तर सांगते."

मी खालचा प्रश्न वाचला. तिनं प्रश्नातला एक शब्द बोटानं धरला, तोच शब्द उताऱ्यात शोधला आणि ते अख्खं वाक्य उचलून दिलं. बरोबर. पूर्ण मार्क. मी म्हटलं, "आता ह्या वाक्याचा अर्थ सांग."

"त्ये न्हाई म्हाईत. त्ये कुनी इचारत न्हाई."

तुम्हाला हसू येतंय. हसा. पण आता तुमचीच परीक्षा घेतो. एक वाक्य ऐका: "झुंबाड्या भेंगटाने खिरप्याला दोनदा टुमकावले." भेंगटाने कुणाला टुमकावले? खिरप्याला. किती वेळा? दोनदा. भेंगट कसा होता? झुंबाड्या. तीनपैकी तीन मार्क! आता सांगा, भेंगट म्हंजे काय? माणूस, का जनावर, का पाटलाचा ट्रॅक्टर? तुम्हाला काही कळलेलं नाही आणि तुम्ही पहिल्या नंबरानं पास. आमची पोरं दहा-दहा वर्षं हेच करतात. आणि ती ढ नाहीत. उलट हुशार आहेत. अर्थ न कळता उत्तर काढायची एक विद्याच त्यांनी शोधून काढलीय.

आता मार्कांचा हिशोब बघा. दहावीचं इंग्रजी शंभराचं, पास व्हायला पस्तीस. त्यात ऐंशी लेखी आणि वीस शाळेच्या हातातले. वीसचे वीस पडले तर लेखीत ऐंशीपैकी पंधरा पुरतात. कृतिपत्रिकेत न शिकवलेला उतारा असतो, शब्दसंपत्तीचे प्रश्न असतात, तुझं मत काय असंही विचारतात. कागदावर ती वाईट नाही. पण पंधरा मार्कांसाठी त्यातलं काही लागत नाही. शब्द उचलायचा, वाक्य चिकटवायचं, पाठ केलेलं पत्र उतरवायचं.

२०१९ साली भाषेचे हे शाळेच्या हातातले वीस मार्क काढून टाकले. राज्याचा दहावीचा निकाल २०१८ साली ८९.४१ टक्के होता, तो २०१९ ला ७७.१० वर आला. नवा अभ्यासक्रमही त्याच वर्षी परीक्षेला होता, म्हणून सगळं खापर वीस मार्कांवर फोडता येणार नाही. पण ओरड झाली, वीस मार्क परत आले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. मी विचारतो, त्या एका वर्षात महाराष्ट्रातल्या पोरांचं वाचन एवढं सुधारलं? पोरं तीच होती. मोजपट्टी ढिली केली आणि सगळ्यांनी पेढे वाटले.

पेढे वाटल्याचं मला दुःख नाही. वस्तीत पेढा आला की मीही खातो. पण पुढं काय होतं? पोरगं अकरावीला सोलापूरला नाहीतर पुण्याला जातं. सायन्स घेतं. पुस्तक इंग्रजी, मास्तर इंग्रजी. दोन महिन्यांत गप्प होतं, चार महिन्यांत गावाकडं. आणि बापाला काय सांगतं? "माझं डोकंच न्हाई." मित्रांनो, हे वाक्य मी फार पोरांच्या तोंडून ऐकलंय. डोकं नाही हे आपल्या आज्याला गावानं सांगितलं होतं, धमकी देऊन. नातू तेच स्वतःहून म्हणतोय, हातात पासाचं सर्टिफिकेट घेऊन. हे मला सोसत नाही.

हे एकट्या केमचं आहे असं समजू नका. 'असर'चा २०२३ सालचा अहवाल देशातल्या २८ जिल्ह्यांतल्या १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलामुलींचा आहे. इंग्रजी साधी वाक्यं वाचता आली ५७.३ टक्के जणांना. आणि वाचता आलेल्यांपैकी अर्थ सांगता आला सुमारे तीन चतुर्थांशांना. म्हंजे धडाधडा वाचणाऱ्या चारांतल्या एकाला आपण काय वाचतोय ते कळत नव्हतं. 'असर'वाल्यांनी एक गोष्ट नीट केली: वाचायला लावलं आणि मग अर्थही विचारला. दोन्ही वेगळं मोजलं. आपल्या पोरीला तो दुसरा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

आता एक जुनी गोष्ट. मायकेल वेस्ट नावाचा इंग्रज शिक्षक ढाक्याला होता. बंगाली पोरांचं इंग्रजी त्यानं तपासलं आणि १९२६ साली त्यावर पुस्तक काढलं. त्याचा मुद्दा आपल्या कामाचा आहे. तो म्हणाला, बहुतेक पोरं शाळा मध्येच सोडतात, हे धरूनच शिक्षण आखा. विम्याची पॉलिसी मध्येच सोडली तर हातात जी रक्कम पडते तिला सरेंडर व्हॅल्यू म्हणतात. तुमच्या घरात एलआयसीचा कागद असेल तर शब्द ठाऊक असेल. वेस्टनं तोच शब्द शिक्षणाला लावला: पोरगं आज शाळेतून उठलं तर त्याच्या हातात काय पडतं? म्हणून त्यानं आधी वाचन घ्या म्हटलं, मोजक्या शब्दांत बेतलेली पुस्तकं लिहिली, आणि पुढं १९५३ साली सुमारे दोन हजार नेहमीच्या इंग्रजी शब्दांची यादी छापली.

साहेबाचं राज्य गेलं. प्रश्न तिथंच आहे. आमची पोरगी आठवीत, दहावीत उठते. लग्न होतं, ऊसतोडीला जाते, दुकानात कामाला लागते. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हंजे दहा वर्षं तिनं हप्ते भरले. सरेंडर व्हॅल्यू किती? औषधाच्या पाकिटावरचं वाचता येतं? कर्जाच्या कागदातली व्याजाची ओळ कळते? बोर्डाची परीक्षा फक्त एवढंच सांगते की पुढच्या वर्गात बसू द्यायचं का नाही. हातात काय पडलं ते सांगत नाही.

तुमच्यातले काही म्हणतील, बाबासाहेबही अशाच शाळेत शिकले, वर्गाबाहेर गोणपाटावर बसून. खरंय. १९०७ साली ते मॅट्रिक झाले. पण घरात कोण होतं ते विसरू नका. सुभेदार रामजी पलटणीच्या शाळेत मास्तर होते. त्यांनी पोराकडून तर्खडकरांच्या भाषांतराच्या पुस्तकांचा अभ्यास करून घेतला. शाळेत तोंड फिरवणारे मास्तर होते, पण घरात रोज परीक्षा घेणारा बाप होता. आमच्या वस्तीतल्या बापाला मन आहे, पण कागद तपासता येत नाही. मग तो तपासणारा माणूस कोण व्हायचा? तुम्ही. शिकून शहरात गेलेले. नुसती जयंतीची वर्गणी पाठवणारे नाही.

परीक्षा म्हटलं की आपलं रक्त तापतं, हे मला कळतं. मेरिटच्या नावानं परीक्षेचं हत्यार आजवर आपल्यावरच चाललं. म्हणून मी सांगतो ती परीक्षा कुणाला पास-नापास करायची नाही. डॉक्टर ताप बघतो तशी. कुणाचं नाव भिंतीवर लावायचं नाही. सगळ्यांपुढं कुणाला उभं करायचं नाही.

आता ती घ्यायची कशी ते ऐका. खर्च एक वही आणि एक पेन्सिल.

पहिलं: आधी मराठी उतारा द्या आणि अर्थ विचारा. तिथंच अडलं तर इंग्रजीला दोष देऊ नका, मराठीपासून सुरुवात करा.

दुसरं: इंग्रजी उतारा न शिकवलेला हवा, शंभरेक शब्दांचा. केक, पिकनिक, पियानो असलं नको. तिथं भाषा तपासली जात नाही, कुणाचं घर कसलं आहे ते तपासलं जातं. विहीर, बाजार, गाडी, दवाखाना असलं काही घ्या.

तिसरं: मनात वाचू द्या. अडलेल्या शब्दाखाली रेघ मारायला सांगा आणि रेघा मोजा. हू आणि पॉल नेशन या दोघांनी २००० साली हेच तपासलं. गोष्टीतले ८० टक्के शब्द ठाऊक असलेल्या वाचकांपैकी कुणालाच ती पुरेशी कळली नाही. बहुतेकांना कुणाच्या मदतीविना कळायचं तर ९८ टक्के शब्द यायला लागतात. म्हंजे शंभरात वीस रेघा आल्या तर पोरगं चुकलेलं नाही, पुस्तक चुकलंय. सोपं पुस्तक द्या. पोरं लाजेनं रेघा कमी मारतात. म्हणून वेगळी शब्दांची यादी द्या आणि त्यात दोन बनावट शब्द घाला. त्यावरही "येतंय" अशी खूण आली की समजायचं. पण पोराला खोटारडं म्हणायचं नाही.

चौथं: दुसऱ्या उताऱ्यात पहिलं वाक्य तसंच ठेवा आणि पुढं दर पाचवा शब्द खोडा. गाळलेल्या जागी काय बसेल ते पोरानं सांगायचं. अमेरिकेत विल्सन टेलर यानं १९५३ साली ही रीत काढली. इथं शब्द उचलायची विद्या चालत नाही. अर्थ लागला तरच जागा भरते. पुस्तकातलाच शब्द हवा असा हट्ट नको, अर्थाला बसेल तो चालवा. चार पर्याय मात्र देऊ नका. चार पर्यायांचे वीस प्रश्न दिले तर डोळे मिटून ठोकणाऱ्यालाही सरासरीनं पाच मिळतात.

पाचवं: उत्तर घरच्या बोलीत घ्या. इंग्रजी वाचून "बाई दवाखान्यात गेल्ती, पन डागदर नव्हता" असं सांगितलं की पूर्ण मार्क. इंग्रजीत उत्तर लिहायला लावलंत तर तुम्ही वाचन तपासत नाही, लिहिणं तपासताय.

सहावं: तीन महिन्यांनी परत घ्या. पोराची तुलना त्याच्याच जुन्या कागदाशी करा, शेजारच्या पोराशी नको.

आणि एक. आपल्या पोरांकडं इंग्रजी शब्द नाहीत हे खोटं आहे. मोटर, स्टार्टर, फ्यूज, बेल्ट, सिग्नल, प्लॅटफॉर्म, लोड, पंक्चर, चार्जर. आमच्या आत्याला शाळेचं तोंड ठाऊक नाही, तरी ती "व्होल्टेज न्हाई" म्हणते. हे शब्द कानात आहेत, डोळ्यात नाहीत. मी त्या पोरीला एस-आय-जी-एन-ए-एल असं लिहून दिलं. तिनं वाचलं, "सायनल." मी म्हटलं, स्टेशनाच्या बाहेर गाडी कशासाठी थांबती? ती कागदाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "ह्यो त्योच व्हय?" तोच, बाई. दहा वर्षं रोज बघतेस तोच.

काही शब्द फसवतात, तेही सांगा. आपण "लाईट गेली" म्हणतो ती वीज. पुस्तकात लाईट म्हंजे उजेड, कधी हलकं. पण सुरुवात ह्याच शब्दांपासून करा. वस्तीत फिरून यादी करा. पोराला कळू द्या की ही भाषा अगदीच परक्याच्या घरातली नाही, तिची बरीच भांडी आपल्याच घरात पडलीयत.

शाळेला शिव्या देऊन मी थांबणार नाही. शाळेचं मास्तर लोकांकडून मागून, भांडून घ्यायचंच. पण मोर्च्याला जाताना हातात कागद हवा: आमची पोरं पास आहेत, त्यांना न शिकवलेलं पान वाचता येत नाही, हा बघा पुरावा. नुसत्या घोषणेला साहेब चहा पाजतो. मोजलेल्या गोष्टीला त्याला उत्तर द्यावं लागतं.

आज रात्री मुक्काम इथंच आहे. उद्या सकाळी वस्तीतली पोरं विहारात जमतील. प्रत्येकानं शंभर शब्दांचा एक उतारा स्वतः लिहून आणायचा. गाईडातला चालणार नाही. आणि लिहिताना प्रत्येक शब्दाला विचारा, हा ह्या पोरीच्या उपयोगाचा आहे का.

जयभीम.