देखावा कोणाचा, किंमत कोणाची?

(कोल्हापुरात जुन्या चित्रफिती पाहिल्यानंतर कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



आताच आपण दोन प्रकारच्या जुन्या चित्रफिती पाहिल्या. एका प्रकारात जपानी मुलींच्या कुस्त्या होत्या, दुसऱ्यात रानातील प्राणी. करमणूक म्हणून दोन्ही चांगल्या आहेत. परंतु चळवळीतील माणसाने पडद्याकडे पाहताना एक प्रश्न विसरता कामा नये. हा देखावा कोणी उभा केला, आणि त्याची किंमत कोणी मोजली?

२८ ऑगस्ट १९८५ रोजी ओसाकात झालेली लढत घ्या. चिगुसा नागायो हरली आणि ठरलेल्या अटीप्रमाणे भर रिंगणात तिचे केस भादरण्यात आले. प्रेक्षकांत बसलेल्या शाळकरी मुली हुंदके देत होत्या. या खेळातील निकाल आधी ठरलेले असतात, हे खरे. पण आपटल्यावर होणारी इजा ठरवून खोटी करता येत नाही. हे खेळ लावणारी कंपनी १९६८ साली स्थापन झाली. दारू, तंबाखू आणि पुरुष या तिन्हींपासून मुलींनी दूर राहावे आणि पंचविशी उलटली की निवृत्त व्हावे, असा तिचा दंडक होता. बळ मुलींचे, त्या बळावरचा हुकूम मात्र मालकांचा!

आता प्राण्यांकडे वळू. स्त्रिया आणि जनावरे यांची तुलना करण्याचा माझा हेतू नाही. तुलना आहे ती देखावा मांडणाऱ्यांच्या रीतीची. डिस्ने कंपनीच्या १९५८ सालच्या ‘व्हाइट विल्डरनेस’ या चित्रपटात लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी कड्यावरून पाण्यात झेप घेताना दिसतात. ही सामुदायिक आत्महत्या आहे, अशी जगभर समजूत झाली. वस्तुतः ते प्राणी दुसऱ्या प्रांतातून विकत आणलेले होते आणि त्यांना कड्यावरून ढकलण्यात आले होते. कॅनडाच्या दूरचित्रवाणीने १९८२ साली हे उघडकीस आणले. तोवर त्या चित्रपटाला ऑस्कर मिळून गेले होते.

हे दूरदेशीचे म्हणून आपण सुटत नाही. आपल्या कोल्हापूर संस्थानात चित्त्यांकरवी काळविटांची शिकार होई. चित्त्याच्या डोळ्यांवर टोपडे घालून त्याला गाडीतून कळपाजवळ नेत आणि मग मोकळे सोडीत. पाहुण्यांना दिसे ती चित्त्याची धाव. त्या जनावराला माणसाळविण्यासाठी रात्रंदिवस खपणारे चित्तेवान कोणाच्या ध्यानात राहिले? देशातील चित्ते संपत आले तेव्हा दरबारांनी ते आफ्रिकेतून आणविले. १९५२ साली भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर झाले आणि २०२२ साली नामिबियातून पुन्हा चित्ते आणले गेले. तेव्हाही कॅमेरे सज्जच होते.

आणि कुस्ती तर कोल्हापूरचा श्वास! शाहू महाराजांनी १९१२ साली खासबाग मैदान उभारले. जातीपातीच्या भिंती ओलांडून मल्लांना आश्रय दिला, हे आपण अभिमानाने सांगतो. सांगावेच. पण त्याच अभिमानाने हमीदा बानूची हकीकतही सांगावी. अलीगढहून नावारूपाला आलेल्या या मल्ल स्त्रीने १९५४ साली बडोद्यात बाबा पहिलवानाला १ मिनिट ३४ सेकंदांत चीत केले. कोल्हापुरात मात्र तिने पुरुष मल्लाला हरविले तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो उडविली, दगड फेकले, पोलिसांना मध्ये पडावे लागले. पुण्यातील तिची एक कुस्ती स्थानिक कुस्ती संघटनेच्या हरकतीमुळे रद्द झाली. तिने मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे दाद मागितली. बंदी ती स्त्री आहे म्हणून नव्हे, तर तिच्यापुढे लुटुपुटूचे मल्ल उभे केले जातात अशा तक्रारी आहेत म्हणून, असे उत्तर तिला मिळाले.

तिच्या कुस्त्या निकाली होत्या की नुरा, याचा निवाडा आज कोण करणार? पण मी विचारतो, पुरुषांच्या नुरा कुस्त्या आपण पाहिल्या नाहीत काय? म्हणून पुरुषांनी आखाड्यात उतरूच नये, असे कोणी म्हटले? पुढे तिच्या नातवाने सांगितलेली हकीकत अधिक विदारक आहे. ती युरोपला कुस्तीसाठी निघाली तेव्हा तिच्या वस्तादानेच तिला मारहाण करून तिचे हातपाय मोडले. दूध आणि खाद्यपदार्थ विकून तिने उरलेले दिवस काढले. १९८६ साली ती गेली.

आज काळ बदलला आहे. २०२३ च्या मार्चमध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि प्रतीक्षा बागडी विजयी झाली. पण त्याच वर्षी ऑलिंपिक पदक मिळविणारी साक्षी मलिक आणि विनेश फोगट यांना लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी दिल्लीच्या जंतरमंतरवर बसावे लागले आणि २८ मे रोजी पोलिसांनी त्यांना रस्त्यावरून फरफटत नेले. ज्या कॅमेऱ्यांनी त्यांची पदके दाखविली होती, त्यांनाच हेही दाखवावे लागले.

म्हणून माझी विनंती साधी आहे. आपापल्या गावच्या तालमीत जा. मुलींना सरावाची वेळ आहे काय, कपडे बदलायला खोली आहे काय, खुराकाचा खर्च कोण करतो, तक्रार ऐकणारी समिती आहे काय, हे विचारा. गावच्या जत्रेत मुलींच्या कुस्तीचे इनाम मुलांच्या इनामाइतके असते काय, तेही पाहा. उत्तर नकारार्थी आले तर तेच आपले काम समजा. टाळ्या वाजविणे सोपे आहे. टाळ्या थांबल्यावर त्या मुलीच्या पाठीशी कोण उभे राहते, यावर आपली परीक्षा होणार आहे.