नळीतली सळई

आपल्या वऱ्हाडात कुणाचा पाय मोडला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, ‘नळी गेली का?’ नळी म्हणजे नडगीचं हाड. मांडीच्या हाडाला चहूबाजूंनी मांसाचं पांघरूण आहे, नडगीला समोरून नुसती कातडी. बैलाची लाथ बसो की मोटरसायकल उलटो, पुष्कळदा हाड कातडी फाडून बाहेर येतं. २०२२च्या जूनमध्ये अमरावती-अकोला महामार्गावर १०५ तास ३३ मिनिटांत सलग ७५ किलोमीटर डांबरीकरण झालं, विश्वविक्रम नोंदला गेला. रस्ता झकास झाला. त्यावर गाड्या पळणारच, आणि नळी पडली तेवढीच नाजूक.

पूर्वी अशा माणसाला हाडवैद्याकडे नेत. आमच्या घरी त्याला ‘जर्राह’ म्हणत. बांबूच्या कामट्या आणि वरून घट्ट कापड. काहींचा हात खरंच हलका होता. पण नळी मोडल्यावर आतले स्नायू सुजतात आणि त्यांच्याभोवतीचं आवरण ताणत नाही. त्यात वरून आवळलं, की रक्तच पोचत नाही. वेदना सहनापलीकडे वाढत चालली, पायाची बोटं कुणी हलवली तरी किंकाळी फुटली, तर बांधलेलं सैल करावं आणि तडक इर्विन किंवा सर्वोपचार गाठावं. सकाळ होण्याची वाट पाहू नये.

तिथं डॉक्टर ‘रॉड टाकू’ म्हणतात. जर्मनीतल्या कील शहरात गेऱ्हार्ड क्युन्चर यांनी १९३९ साली मांडीच्या हाडाच्या पोकळीत पोलादी सळई बसवली. महायुद्धातले कैदी मायदेशी परतले, तेव्हा एक्स-रेत ही सळई पाहून तिकडचे डॉक्टर चक्रावले होते! पुढे सळईच्या दोन्ही टोकांना आडवे स्क्रू आले, म्हणून चुरा झालेलं हाडही आखूड होत नाही, फिरत नाही. मोडलेली जागा बहुधा उघडावी लागत नाही. गुडघ्याखाली लहानसा छेद, पडद्यावर एक्स-रे, की सळई पोकळीतून खाली. हातावर पोट असलेल्या माणसाला थोड्याच दिवसांत कुबड्यांवर उभं राहता येतं, हे मोठंच काम. हाड जुळायला मात्र चार-सहा महिने लागतात. बिडी-तंबाखू असेल तर आणखी.

एक गोष्ट दवाखान्याच्या गर्दीत राहून जाते. सळई वाटीखालून जाते, त्यामुळे पुष्कळांचा गुडघा समोरून दुखत राहतो, विशेषतः टेकताना. खुर्चीवर बसणाऱ्याला ते जाणवायचं नाही. निंदणाला उकिडवं बसणाऱ्या बाईला जाणवतं, सज्द्यात जाणाऱ्याला दिवसातून पाच वेळा जाणवतं. हल्ली काही सर्जन गुडघा जवळजवळ सरळ ठेवून वाटीच्या वरून सळई घालतात. तेव्हा आपलं काम बसून आहे की उभ्यानं, हे ऑपरेशनआधीच डॉक्टरांना सांगावं. नंतर सळई काढली म्हणजे दुखणं जाईलच, असं नाही.