ओले पंजे

वसंत व्याख्यानमालेत सशाच्या नाकावर बोलायचं म्हटल्यावर संयोजक क्षणभर माझ्याकडे बघतच राहिले. पण हल्ली फ्लॅटच्या गॅलरीत ससे आलेत आणि माझ्या दवाखान्यात ते बहुतेकदा उशिरा येतात.

मध्यंतरी एक आजोबा नातीला आणि सशाला घेऊन आले. म्हणाले, "डॉक्टर, नाक तसं कोरडं आहे हो, नुसता शिंकतो." मी आधी पुढचे पंजे उलटून पाहिले. आतल्या बाजूचे केस चिकटून, वाळून सुतळीसारखे कडक झाले होते. ससा टापटिपीचा प्राणी. शेंबूड आला की लगेच पंजानं पुसून टाकतो. नाक कोरडं दिसणारच!

"सर्दीच आहे, जाईल चार दिवसांत," असं सशाच्या बाबतीत धरून चालू नका. तो श्वास घेतो नाकानंच. मान वर करून तोंडानं श्वास घ्यायला लागला, तर उजाडायची वाट बघू नका.

पुष्कळदा मागे असतो पाश्चुरेला नावाचा जिवाणू, लुई पाश्चर यांच्या नावाचा. गंमत अशी, की तो धडधाकट सशांच्या नाकातही मुक्काम ठोकून असतो. म्हणून नाकाच्या टोकावरचा स्राव तपासून तो सापडला, एवढ्यावर निदान होत नाही. नमुना नाकात खोलवरून घ्यावा लागतो, आणि कोणत्या औषधाला जंतू दाद देतात तेही पाहावं लागतं. छातीत घरघर असेल तर एक्स-रे. कधी नाकात गवताची काडीच अडकलेली असते.

या सशाची एकच नाकपुडी वाहत होती आणि त्याच बाजूचा डोळा पाणावलेला. तिथे मला दातांचा संशय आला. सशाचे दात जन्मभर वाढतात आणि वरच्या दातांची मुळं अश्रुनलिकेला अगदी खेटून असतात. सुरुवातीच्या काळात मी एका सशाला तीनदा प्रतिजैविकं दिली होती. तीनदा बरा झाला, तीनदा पुन्हा वाहायला लागला. दात मी बघितलेच नव्हते. यावेळी कवटीचा एक्स-रे काढला, पुढच्या दाताच्या मुळाशी पू झाल्याची खूण दिसली.

एवढ्यात आजोबांनी पिशवीतून नातीच्या औषधाची गुलाबी बाटली काढली. "घरात होतीच, हे चालेल का?" अमॉक्सिसिलिन! ते पोटात गेलं की सशाच्या आतड्यातले कामाचे जंतू मरतात, विषारी जंतू माजतात आणि ससा दगावू शकतो. एन्रोफ्लॉक्सासिनसारखी औषधं त्याला चालतात, पण तीही वजन करून, आठवडेच्या आठवडे. जोडीला सलाईनची वाफ नेब्युलायझरनं. पिंजऱ्यातली मुताची ओल रोज काढायची. तिच्या अमोनियानं नाक आणखी सोलवटतं.

पुढचे दात काढायचे ठरले. आजोबांनी विचारलं, "रात्रीपासून उपाशी ठेवू ना?" कुत्र्याला ठेवतात, सशाला नाही. त्याला उलटी होतच नाही, आणि पोट रिकामं राहिलं तर आतडी थंडावतात. भूल द्यायच्या थोडं आधीपर्यंत तो गवत खात होता.

आता आजोबा कोथिंबीर बारीक चिरून देतात. तीन आठवड्यांनी आले, तेव्हा नातीनं स्वतःच पंजे उलटून दाखवले. डावा मऊ होता. उजवा अजून जरासा ओला. औषध आणखी दोन आठवडे वाढवलं.