उबदार समुद्राची बीसीडी



पावसाळा सरला की मालवण-तारकर्लीच्या होड्या पुन्हा पर्यटकांना घेऊन समुद्रात जाऊ लागतात. तिथे पहिल्यांदाच पाण्याखाली जाणाऱ्याला आपल्या पाठीवर काय बांधलंय याची फारशी फिकीर करावी लागत नाही. हवा कधी भरायची, कधी सोडायची, हे सगळं प्रशिक्षकाच्या हातात असतं. पण यातलेच काहीजण पुढे रीतसर कोर्स करतात, अंदमानला, लक्षद्वीपला, मालदीवला जाऊ लागतात आणि मग त्यांना स्वतःचं साहित्य घेण्याचे वेध लागतात. मास्क घेतला जातो, फिन्स घेतले जातात. गाडी अडते ती बीसीडीपाशी.

बीसीडी म्हणजे हवा भरता-सोडता येणारी पिशवी बसवलेलं जाकीट. सिलिंडर पाठीवर धरून ठेवायचा आणि पाणबुड्याला ना बुडू द्यायचं ना वर जाऊ द्यायचं, ही तिची दोन कामं. कुस्तो आणि गान्यान या फ्रेंच जोडीने १९४३ मध्ये ‘अ‍ॅक्वालंग’ हे पाण्याखाली श्वास घेण्याचं साधन तयार केलं, तेव्हा अशी पिशवी नव्हतीच. कमरेचं शिसं आणि छातीतला श्वास, एवढ्यावर पाणबुडे तोल सांभाळत. १९६१ मध्ये मॉरिस फेंझी यांनी गळ्यात अडकवून छातीवर घ्यायच्या पिशवीचं पेटंट घेतलं. १९७१ मध्ये स्कुबाप्रो कंपनीने जाकीट बाजारात आणलं. पुढे हवेची पिशवी फक्त पाठीमागे ठेवणारे प्रकारही रुळले. आज दुकानात मुख्यतः तीन प्रकार दिसतात. पहिला, कमरेभोवती हवा भरणारं जाकीट. दुसरा, ज्याची हवा फक्त पाठीशी असते असा. आणि तिसरा, धातूची पाटी, पट्टे आणि विंग म्हणजे पाठीमागची हवेची पिशवी असे सुटे भाग जोडून तयार होणारा.

आता प्रवासाचा हिशोब बघा. पुण्या-मुंबईहून पोर्ट ब्लेअरला, म्हणजे आताच्या श्रीविजयपुरमला, विमानाने जायचं, तिथून बोटीने स्वराज द्वीपला. देशांतर्गत विमानात साध्या तिकिटावर चेक-इन सामान साधारण पंधरा किलो नेता येतं. नेहमीचं जाड जाकीटच साडेतीन-चार किलो भरतं. रेग्युलेटर, फिन्स, वेटसूट धरले की कपड्यांना जागा उरत नाही. म्हणून लोक दोन-अडीच किलोची, घडी होणारी ‘ट्रॅव्हल’ बीसीडी शोधतात. आणि लगेच कोणीतरी सांगतं, हलकी घेऊ नका, पाण्यात डुगडुगते.

ही समजूत उबदार समुद्रापुरती तरी तपासून पाहिली पाहिजे. बीसीडीला नेमकं किती वजन उचलायचं असतं? आपल्याकडे सगळीकडे मिळतो तो अ‍ॅल्युमिनियमचा सिलिंडर सुमारे अकरा लिटरचा. तो दोनशे बार दाबापर्यंत भरला की त्यात साधारण बावीसशे लिटर हवा मावते आणि तिचं वजन अडीच किलोच्या आसपास होतं. पन्नास बार राखून वर यायचं म्हटलं, तर त्यातली दोन किलो हवा आपण खाली संपवून येतो. म्हणजे डाइव्हच्या सुरुवातीला आपल्याला तेवढं जड असावंच लागतं, नाहीतर शेवटी पाच मीटरवर थांबताना वर फेकले जाऊ.

दुसरी गोष्ट वेटसूटची. निओप्रीनमध्ये हवेचे बारीक बुडबुडे असतात, त्यामुळे सूट तरंगतो. दहा मीटरवर दाब दुप्पट होतो, तीस मीटरवर चौपट, आणि ते बुडबुडे आक्रसतात. अंदमानच्या सत्तावीस ते तीस अंशांच्या पाण्यात तीन मिलिमीटरचा सूट पुरतो. त्याचं तरंगणं दोनेक किलोचं. ते सगळंच्या सगळं गेलं असं धरलं, तरी बेरीज होते चार-साडेचार किलो. वर आल्यावर लाटांत डोकं पाण्याबाहेर राहावं म्हणून आणखी चार-पाच किलो धरा. दहा-बारा किलो उचलणारी पिशवी झाली की काम भागलं. दुकानातल्या कित्येक जाकिटांची ताकद पंधरा-वीस किलोंची असते, कारण ती थंड समुद्रात सात मिलिमीटरचा सूट आणि ढीगभर शिसं घेऊन उतरणाऱ्यांचाही विचार करून बनवलेली असतात.

मग मोठी पिशवी असली तर बिघडलं काय? अर्धी भरलेली कळशी हिंदकळते, भरलेली हिंदकळत नाही. मोठ्या पिशवीत हवा थोडीशीच असली की तुम्ही कुशीवर कललात की ती त्या कुशीकडून दुसरीकडे पळते, आणि जो भाग वर असतो तो आणखी वर ओढला जातो. रिकामी राहिलेली पिशवी सिलिंडरभोवती पंखासारखी फडफडते, प्रत्येक पायाच्या फटक्याला पाणी अडवते. तेव्हा उबदार पाण्यात बेताची पिशवी घेणं ही तडजोड नाही. सामान हलकं होण्यासाठी जे करायचं, तेच तोल राखण्यासाठीही करायचं आहे.

हलकी बीसीडी डुगडुगते ही तक्रार मात्र खोटी नाही. दोष असतो तो सिलिंडर धरण्याच्या पद्धतीत. घडी व्हावी म्हणून काही कंपन्या पाठीची कडक पाटी काढून टाकतात आणि सिलिंडरला एकच पट्टा देतात. मग चौदा-पंधरा किलोचा सिलिंडर पाठीवर डावी-उजवीकडे लोळतो. म्हणून उलटून पाहा. पट्टे दोन आहेत का? पाठीशी अ‍ॅल्युमिनियमची पातळ पाटी, निदान घट्ट कापडी पाटी आहे का? अ‍ॅल्युमिनियमच्या पाटीचं वजन जेमतेम किलोभर, आणि ती बॅगेच्या तळाशी सपाट बसते, फारशी जागा खात नाही. स्टीलची पाटी अडीच-तीन किलोंची. ती घेतली तर कमरेचं शिसं तेवढं कमी होतं, पण शिसं डाइव्ह सेंटरवर मिळतं आणि पाटी आपल्याला वाहून न्यावी लागते. आणखी एक साधी गोष्ट. नायलॉनचा पट्टा ओला झाला की सैलावतो. आवळण्याआधी तो भिजवून घ्या, मग सिलिंडर घसरत नाही.

शिसं कुठे लावायचं यालाही महत्त्व आहे. सगळं कमरेला बांधलं की पाय खाली जातात, फिन्स वाळू उडवतात, प्रवाळाला लागतात. प्रवाळ आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, आणि फिनचा एक फटका वर्षानुवर्षं वाढलेली फांदी मोडू शकतो. त्यातच अ‍ॅल्युमिनियमचा सिलिंडर रिकामा होत आला की त्याचा तळ वर उचलला जाऊ लागतो. म्हणून पाठीशी, सिलिंडरच्या पट्ट्यावर, शिशाचे छोटे कप्पे बसवता येतील अशी बीसीडी चांगली. कमरेला आणि पाठीशी थोडं-थोडं वजन वाटलं, की अंग आडवं राहतं.

पाठीमागे हवा असणाऱ्या प्रकाराचा एक तोटाही सांगायला हवा. पाण्याच्या पृष्ठभागावर पिशवी ठासून भरली, तर ती तुम्हाला तोंडघशी ढकलते. पुढच्या खिशांत शिसं असेल तर जास्तच. जाकीट तिथे सरळ उभं ठेवतं. ज्यांना लाटांवर बोटीची वाट बघायची धास्ती वाटते, त्यांना जाकीटच बरं वाटेल, आणि त्यात काही कमीपणा नाही. बाकीच्यांनी हवा बेताने भरावी, किंचित मागे रेलावं. एवढ्याने भागतं.

परतीच्या प्रवासाचाही विचार करा. जाड स्पंजाच्या गाद्या घातलेली बीसीडी पाणी पिऊन बसते आणि शेवटच्या दिवशी ओलीच बॅगेत जाते, आधीच्या वजनावर आणखी भर घालून. तो स्पंज तरंगतोही, म्हणजे त्याला बुडवायला जादा शिसं लागतं. रोज संध्याकाळी बीसीडी गोड्या पाण्याने धुवावी, आतही पाणी भरून हलवून काढून टाकावं. हवा भरायच्या बटणाखाली मीठ साचून ते अडकलं, तर हवा आपोआप भरत राहते आणि माणूस नको तेव्हा वर उचलला जातो.

आता निवड कशी करायची ते सांगतो. आधी अंगाला बसते का ते पाहा, आणि तेही पाण्यात घालता त्याच पातळ कपड्यांवर. पिशवी पूर्ण फुगवा. छाती आवळली जाते का, खांद्यावरून वर सरकते का, हे बघा. बुटक्या धडाच्या माणसाला, विशेषतः अनेक स्त्रियांना, लांबी कमी-जास्त होणारे पट्टे लागतात. हवा सोडायच्या खालच्या झडपेचा दोर हाताला न शोधता सापडतो का, तेही तपासा. मग सिलिंडरचे पट्टे, मग पिशवीची ताकद, आणि सगळ्यात शेवटी वजनकाटा. दुकानात हे सगळं जमत नसेल, तर पुढच्या सहलीत डाइव्ह सेंटरला सांगून वेगळ्या प्रकारची बीसीडी एक दिवस भाड्याने मागून घ्या. पाण्यातल्या एका डाइव्हने जे कळतं, ते जाहिरात सांगत नाही.

आणि वर्षाकाठी एखादीच सहल होत असेल, तर बीसीडी विकत घेऊच नका. भाड्याची घ्या. त्या पैशांत आणखी दोन डाइव्ह करा. तोल शेवटी सरावानेच येतो.