आधी बाईला विचारू, मग गाठ मोजू



अध्यक्षानं वर्षभराच्या कामाचा आढावा घ्यावा, अशी पद्धत आहे. तो आढावा स्मरणिकेत छापला आहे, जेवणानंतर चाळावा. मला बोलायचं आहे फायब्रॉइडबद्दल. हा विषय रोज ओपीडीत येतो, म्हणूनच बहुधा परिषदांत मागे पडतो. रोबोटिक सर्जरीच्या सत्राला उद्या उभं राहायला जागा मिळणार नाही, हे मला ठाऊक आहे.

गर्भाशयाच्या स्नायूत होणाऱ्या या साध्या गाठी. वॉशिंग्टनमधल्या एका गाजलेल्या अभ्यासात पन्नाशीपर्यंत गोऱ्या स्त्रियांपैकी सुमारे 70 टक्के आणि कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी 80 टक्क्यांहून अधिक जणींना त्या होतात असं आढळलं. त्यातल्या कित्येकींना आयुष्यभर काही त्रास होत नाही. आपल्याकडे पूर्वी अशा गाठींचा पत्ताच लागत नसे. आता तालुक्याच्या गावी सोनोग्राफी आहे. बाई लघवीच्या जळजळीसाठी जाते आणि अडीच सेंटिमीटरची गाठ कागदावर घेऊन परतते. मग ती आपल्यासमोर बसते, सोबत मोठी जाऊ असते आणि बोलते जाऊच: "मॅडम, पुढं कॅन्सर होतो म्हणतात. एकदाची पिशवी काढूनच टाका, कटकट जाऊ दे."

इथं आपली परीक्षा असते. गर्भाशयाच्या स्नायूचा कर्करोग असतो, पण तो फार विरळा, आणि साध्या गाठीचं रूपांतर होऊन तो बहुधा होत नाही. पाळी गेल्यावर गाठ वाढू लागली तर जरूर कान टवकारावेत. एरवी पाळी गेल्यावर हार्मोन्स ओसरतात आणि गाठी आपोआप आक्रसतात. हे सांगायला पाच मिनिटं लागतात. ऑपरेशनची तारीख द्यायला एक मिनिट पुरतं.

गाठ केवढी, यापेक्षा ती कुठं आहे हे महत्त्वाचं. पोकळीत डोकावणारी दीड सेंटिमीटरची गाठ बाईचं रक्त आटवते, आणि बाहेरच्या अंगाला लोंबणारी सात सेंटिमीटरची गाठ गप्प राहू शकते. 2011 साली फिगो या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या जागतिक संघटनेनं 0 ते 8 अशी वर्गवारी दिली, ती याचसाठी. तरीही आजचे कितीतरी रिपोर्ट 'बल्की युटेरस विथ फायब्रॉइड' एवढ्यावर थांबतात. असा रिपोर्ट परत पाठवायला आपण का संकोचतो?

रिपोर्टाआधी बाईला विचारायला हवं. "अंगावरून जास्त जातं का?" या प्रश्नाला हमखास उत्तर येतं, "नाही, नेहमीसारखंच." तिचं 'नेहमी' दहा वर्षांचं असतं. म्हणून मी दुसरं विचारते. रात्री उठून कापड बदलावं लागतं का? दोन पॅड एकावर एक घेता का? त्या दिवसांत एसटीनं जायचं टाळता का? लघवीला सारखं जावं लागतं का? मग जाऊ गप्प होते आणि बाई बोलू लागते. गुडघे दुखतात म्हणून आलेल्या बाईचं हिमोग्लोबिन सात निघतं, ते अशाच प्रश्नांतून. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळलं. ते सगळं फायब्रॉइडमुळं अर्थातच नाही. पण लोहाच्या गोळ्या लिहून देताना रक्त जातंय कुठं, हे विचारायचं राहून जातं.

उपचारांची यादी तुम्हाला पाठ आहे: ट्रानेक्झॅमिक ॲसिड, हार्मोनची तांबी, ऑपरेशनपूर्वी काही महिने जीएनआरएचची इंजेक्शनं, पोकळीतल्या गाठीसाठी हिस्टेरोस्कोपी. मायोमेक्टॉमीवर मात्र थोडं थांबते. लंडनच्या व्हिक्टर बॉनी यांच्या पत्नीचं गर्भाशय फायब्रॉइडमुळं काढावं लागलं होतं, आणि त्यांना मूल झालं नाही. पुढं या सर्जननं गर्भाशय राखून गाठी काढण्याचं तंत्र घडवलं. रक्तस्राव आवरणारा त्यांचा क्लॅम्प आपण पुस्तकात पाहिलेला आहे. व्हॅसोप्रेसिन टोचल्यावर गर्भाशय पांढरं पडतं, योग्य थरात चीर गेली की चकचकीत, वेटोळ्या धाग्यांची गाठ स्क्रूला धरून बोटानं सुटी होते. थर चुकला की रक्तानं काही दिसत नाही. हे हाताला शिकवावं लागतं, आणि आपल्या निवासी डॉक्टरांना ते पुरेसं शिकायला मिळत नाही.

हिस्टेरेक्टॉमीला मी खलनायक ठरवत नाही. सेहेचाळीस वर्षांची, मुलं मोठी झालेली, गाठींनी भरलेलं गर्भाशय आणि हिमोग्लोबिन सहा असलेली बाई विचार करून ते मागत असेल, तर तो उत्तम उपचार आहे. माझा वाद आहे तो दुसरा पर्याय न सांगता तिशीतल्या बाईचं गर्भाशय काढण्याशी. आणि 'आता काय उपयोग' म्हणत सोबत अंडाशयही काढण्याशी. त्याची किंमत तिची हाडं आणि हृदय पुढं कितीतरी वर्षं चुकवतात.

बीडचा विषय टाळून या व्यासपीठावरून उतरता येणार नाही. 2019 साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढं आलेल्या पाहणीत सुमारे 82 हजार ऊसतोड स्त्रियांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. उचल अंगावर, खाडा झाला की दंड, फडात ना पाणी ना आडोसा. अशा बाईला पाळी म्हणजे मजुरी बुडणं. सगळा दोष डॉक्टरांचा नव्हता, हे मी मान्य करते. पण चाकू आपल्या हातात होता. पुढं बीडमध्ये जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली, 2023 साली दुसऱ्या राज्यांतल्या अशाच प्रकरणांवर सर्वोच्च न्यायालयानं मार्गदर्शक तत्त्वं राबवायला सांगितलं, आणि आपण कागदपत्रांच्या कटकटीबद्दल कुरकुरतो. ती आपणच ओढवून घेतली.

एक अवघड गोष्ट. 1995 साली पॅरिसच्या राव्हिना यांनी गाठीचा रक्तपुरवठा बंद करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. हे एम्बोलायझेशन मांडीच्या किंवा मनगटाच्या रोहिणीतून होतं, गर्भाशय जागेवर राहतं. मूल हवं असलेल्या बाईला ते सहसा सुचवू नये. इतर अनेकींना ते चालतं. पण ते करतो रेडिओलॉजिस्ट, तोही बहुधा मोठ्या शहरात. त्यामुळं आपण त्याचं नावच घेत नाही. जे माझ्याकडे होत नाही ते पेशंटला सांगायचं नाही, हा व्यवहार झाला, सल्ला नव्हे.

म्हणून उद्याच्या सर्वसाधारण सभेत मी एक ठराव मांडणार आहे. संमतिपत्रासोबत मराठीत एक पान असावं: गाठ कुठं आहे, काहीच न करता थांबता येईल का, कोणकोणते उपचार आहेत, त्यातले इथं कोणते होतात आणि इतरांसाठी कुठं जावं. खाली तिची सही, आणि आपलीही. मसुदा नोंदणीच्या टेबलावर ठेवला आहे. दुरुस्त्या आज संध्याकाळी सहापर्यंत लेखी द्याव्यात.