कानाने पाहिलेला किनारा

(मंडळाच्या कोजागिरी पौर्णिमेच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडेफार नीट करून दिले आहे.)



मला बोलायला विषय दिला आहे 'कुटुंबासह पर्यटन'. खरे सांगायचे तर मी पर्यटनातला जाणकार नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलो आणि रूळ, खडी व स्लीपर यांतच रमलो. पण आमच्या खात्याने मला एक गोष्ट शिकवली. गाडीत बसून रूळ कळत नाही. आमचा की-मॅन हातोडी घेऊन रोज आपल्या हद्दीतून पायी जातो, तेव्हाच सैल झालेली चावी दिसते. किनाऱ्याचेही तसेच आहे. आपण गाडीतून उतरतो, फोटो काढतो, भेळ खातो, परत गाडीत बसतो आणि म्हणतो, "समुद्र पाहिला!"

म्हणून आज मी किनारा पायी कसा पाहावा आणि कानाने कसा पाहावा, एवढेच सांगणार आहे.

परदेशात आणि आता आपल्याकडेही मोठ्या किल्ल्यांत, संग्रहालयांत कानाला लावायचे यंत्र मिळते. आकडा दाबला की त्या जागेची माहिती ऐकू येते. सोबत गाईड लागत नाही, घाई नाही, आपल्या पावलांनी चालायचे. हेच मी चार वर्षांपूर्वी घरच्या घरी करून पाहिले. जागा आमची मालवण, आवाज माझ्या आत्याचा आणि यंत्र म्हणजे आपला नेहमीचा मोबाइल.

हे सुचले ते मुलांमुळे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी हीच परिस्थिती असेल. माझी मुलगी शाळेत इंग्रजी, खाली मैदानात कन्नड आणि घरी मराठी बोलते. मराठी बोलते छान, पण वाचायला बसवली की दोन ओळींत जांभई! गावच्या इतिहासाची पुस्तके मी हौसेने आणली, ती कपाटातच राहिली. पण आत्याचा फोन आला की तीच मुलगी अर्धा तास ऐकत बसायची. मग म्हटले, हिला वाचता येत नसेल तर ऐकू दे.

२०२२ च्या मे महिन्यात आठ दिवस मालवणात होतो. रोज संध्याकाळी आत्याला पडवीत बसवून एकेका जागेबद्दल बोलते केले. बंदर, बाजार, मोरयाचा धोंडा, पद्मगड, दांडीची पुळण, किल्ल्यातल्या विहिरी. दहा जागा ठरवल्या होत्या, सात झाल्या. रापणीचा विषय काढला तेव्हा तिला दम लागला होता. म्हणाली, "रापणीचा मगे सांगतंय." ते वाक्यही त्यात तसेच राहिले.

आता या फेरीत काय आहे ते थोडे सांगतो, कारण गणेशोत्सवाशी तिचा जवळचा संबंध आहे. सिंधुदुर्ग किल्ला आपण सगळ्यांनी होडीतून पाहिला असेल. पण त्याची सुरुवात ज्या जागी झाली ती जागा किनाऱ्यावर आहे, आणि बरेच जण तिथे न जाताच परततात. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी मालवणच्या किनाऱ्यावरील एका खडकावर गणेशपूजन करून किल्ल्याच्या कामाचा आरंभ केला. तोच मोरयाचा धोंडा. त्यावर गणपती, सूर्य, चंद्र कोरलेले आहेत. आत्याच्या आवाजात एवढेच आहे, "ह्यो मोरयाचो धोंडो. हय पायां पड, मगे वर बघ." आणि वर बघितले की समोर कुरटे बेटावरचा तो सगळा तट! पूजा इथे का केली हे तिथे उभे राहिल्यावर मुलांना आपोआप कळते.

किल्ला सुमारे ४८ एकरांचा. पाया भरताना शिसे ओतले, हे आपण शाळेत वाचलेले. माझ्यासारख्या माणसाला त्याचे मोल जास्त वाटते, कारण पाण्यातला पाया काय असतो हे पुलाच्या कामावर मी पाहिले आहे. दरवाजा असा वळणात लपवलेला की होडी जवळ येईपर्यंत दिसत नाही. आणि चारी बाजूंनी खारे पाणी असताना आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा किल्ल्यांपैकी बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग दोन्ही आहेत. यापुढे तिथे दहा भाषांतून माहिती मिळू लागली तरी नवल नाही. पण माझ्या आत्याची भाषा त्यात नसेल.

आता माझी फजिती सांगतो. त्याच वर्षी नाताळच्या सुट्टीत मुलांना घेऊन मोठ्या दिमाखात ही फेरी करायला गेलो. फोनमध्ये सात तुकडे तयार. दांडीच्या पुळणीवर चौथा तुकडा लावला. आत्या सांगते, "आता सरळ चलत पद्मगडार जा." आणि समोर पाणी! पद्मगड हा सिंधुदुर्गाजवळचाच छोटा जलदुर्ग, ओहोटीला तिथे पायी जाता येते. तासभर थांबलो, पाणी थोडे सरले, पण वाट काही उघडली नाही. मुले हसू लागली. घरी आलो तर आत्या त्याहून जोरात हसली. "इंजिनेर मा रे तू? आदी तीथ बघ, मगे दर्यार जा." त्या दिवशी अष्टमी होती.

त्या रात्री आत्याने मला जे गणित शिकवले ते आज कोजागिरीच्या चंद्राखाली तुम्हाला सांगतो. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत येते. तेव्हा पाणी खूप चढते आणि खूप उतरते. ते उधाण. अष्टमीच्या सुमारास दोघांची ओढ काटकोनात, त्यामुळे पाणी धड चढत नाही आणि धड उतरतही नाही. तो भांग. भांगाला पद्मगडाची वाट कशी उघडणार?

आणि वेळ काढायची असेल तर तिथीची पाऊणपट करायची. आज पौर्णिमा, म्हणजे पंधरा. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे सव्वाअकराच्या सुमारास पूर्ण भरती, दिवसा एकदा आणि रात्री एकदा. त्यानंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी, आमच्याकडे तिला सुकती म्हणतात. गणेश चतुर्थी घ्या. चाराची पाऊणपट तीन. तीनला भरती, म्हणजे सकाळी नऊला ओहोटी. यामागचे कारण सोपे आहे. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येतो, भरतीही त्याच्याबरोबर उशिरा येते. कोळी बांधवांनी ते पाऊण तासात बसवले. हिशेब ढोबळ आहे, गावागणिक फरक पडतो. मुलांना पाण्यात न्यायचे असेल तर भारतीय सर्वेक्षण विभागाचे भरती-ओहोटीचे छापील कोष्टक पाहावे आणि स्थानिक माणसाला विचारावे. पण पंचांग पाहून समुद्राची वेळ सांगता येते, हे कळल्यावर माझ्या मुलीचे डोळे चमकले ते मी विसरणार नाही. ती आता मला कॅलेंडर दाखवून भरती सांगते.

हे गणित ध्यानात न ठेवल्यास मोठ्यांचीही पंचाईत होते. २०२५ च्या अनंत चतुर्दशीनंतर गिरगाव चौपाटीवर लालबागच्या राजाचे विसर्जन भरतीच्या पाण्यामुळे कित्येक तास खोळंबले, ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिले. रेल्वेचे वेळापत्रक बदलता येते, समुद्राचे नाही.

दुसरी चूक जास्त गंभीर होती, कारण ती खोट्या माहितीची होती. विजयदुर्गावर मी एक छोटी फेरी तयार केली. तिथे 'साहेबाचे ओटे' आहेत. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणाच्या वेळी लॉकियर साहेबाने याच ओट्यांवरून हेलियमचा शोध लावला, असे तिथे ऐकले आणि तसेच ध्वनिमुद्रित केले. पुढे वाचनात आले की त्या ग्रहणाच्या वेळी फ्रेंच शास्त्रज्ञ जानसेन गुंटूरला होते आणि लॉकियर तर इंग्लंडमध्येच होते. लॉकियर आपल्या किनाऱ्यावर आले ते १८७१ च्या डिसेंबरमधील ग्रहणाला, केरळच्या बेकल किल्ल्यावर. मी तो तुकडा पुसून नवा केला. मुलांच्या कानात आपण जे घालतो ते त्यांच्या डोक्यात कायमचे बसते. गावगोष्ट सांगायला हरकत नाही, पण 'असे म्हणतात' हे दोन शब्द जोडून सांगावी.

आता कुणाला करून पाहायचे असेल तर अनुभवाचे चार बोल. एक तुकडा दोन-तीन मिनिटांपेक्षा मोठा नको. पहिल्या वाक्यात कुठे उभे राहायचे आणि तोंड कुठे करायचे ते सांगा. शेवटच्या वाक्यात पुढची वाट. ध्वनिमुद्रण घरात करा, किनाऱ्यावर वारा सगळे शब्द खातो. बाहेरच करायचे असेल तर फोनवर रुमाल गुंडाळा. तुकडे घरूनच फोनमध्ये उतरवून घ्या, पुळणीवर रेंज मिळेलच असे नाही. रस्त्यावरून चालताना एकच कान झाका. आणि आवाज घरच्या माणसाचा असू द्या. तो अडखळला, खोकला, मध्येच कोंबडा आरवला तरी काढून टाकू नका.

कुटुंबांचा मेळावा करायचा असेल तर पाच-सहा जणांच्या टोळ्या कराव्यात, प्रत्येक टोळीत एक आजी किंवा आजोबा. तुकडा ऐकून झाला की मुलांनी त्यांना एक प्रश्न विचारायचा. मुंबईत २०१७ पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा उपक्रम ओहोटीच्या वेळी लोकांना गिरगाव, हाजी अली, जुहू अशा किनाऱ्यांवर घेऊन जातो. सिमेंटच्या मुंबईच्या पायथ्याशी समुद्रफुले, प्रवाळ आणि तऱ्हेतऱ्हेचे खेकडे आहेत, हे तिथे राहणाऱ्यांनाही ठाऊक नव्हते! जीव उचलायचा नाही, उलटलेला दगड पुन्हा तसाच ठेवायचा, हे दोन नियम आपणही पाळावेत.

आता थोडे जड बोलतो. आत्या २०२४ साली गेली. त्यानंतरच्या दिवाळीत आम्ही पुन्हा मालवणला गेलो. या वेळी तीथ बघून गेलो. अमावास्येच्या उधाणाची सुकती गाठली, पद्मगडाची वाट उघडी मिळाली. दांडीवर परतलो आणि मुलीने शेवटचा तुकडा लावला. तो संपतो त्या वाक्यावर, "रापणीचा मगे सांगतंय." मुलगी तशीच कानाला फोन लावून उभी राहिली. मग म्हणाली, "बाबा, आठवा कुठे आहे?"

आठवा नाही. मला वेळ होता, रजा शिल्लक होती, फोनमध्ये जागा होती. पुढच्या सुट्टीत करू म्हटले, आणि राहून गेले.

शेवटी त्याच पुळणीवर जाळे दुरुस्त करीत बसलेल्या एका वृद्ध रापणकरांना विनंती केली. त्यांनी सांगितले. होडी जाळे सोडत अर्धगोल फिरून परत किनाऱ्याला येते, मग दोन टोकांना दोन रांगा करून माणसे जाळे ओढतात. शेवटी मासळीचे वाटे होतात, आणि ओढायला हात लावणारा रिकाम्या हाताने जात नाही. यांत्रिक नौका आणि पर्ससीन जाळी आल्यापासून रापण कमी होत गेली, हेही त्यांनी सांगितले. तो आमचा आठवा तुकडा. माहिती उत्तम आहे. पण आत्या लहानपणी बांगड्यांची टोपली घेऊन घरी कशी पळाली, ते त्यात नाही.

म्हणून मंडळापुढे माझे दोन प्रस्ताव आहेत. पहिला, यंदाची आपली कौटुंबिक सहल कारवारला न्यावी. २०२० पासून पंचगंगा एक्स्प्रेस आहे, रात्रभरात पोहोचता येते. कारवार १८६२ ते १९५६ मुंबई इलाख्यात आणि मुंबई राज्यात होते, तिथे आजही कन्नड, कोकणी आणि मराठी एका बाजारात नांदतात. काळी नदीच्या मुखाशी सदाशिवगड आहे. १८८३ मध्ये बावीस वर्षांचे रवींद्रनाथ टागोर आपले न्यायाधीश बंधू सत्येंद्रनाथ यांच्याकडे तिथे राहिले होते, तिथल्या किनाऱ्याला आज त्यांचे नाव आहे. आपले कन्नड सहकारी कन्नडमध्ये बोलतील, आपण मराठीत बोलू. एकच फेरी, दोन आवाज. तुकडे करण्याचे काम मी अंगावर घेतो. तारीख मात्र पंचांग पाहून ठरवू. भांगाची नको!

दुसरा प्रस्ताव प्रत्येक घरासाठी आहे. तुमचे गाव किनाऱ्यावरचे नसेल, सातारचे असेल, बेळगावचे असेल, तरी चालेल. येत्या सुट्टीत गावी गेलात की घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाजवळ बसा आणि फोन सुरू करा. एकच जागा विचारा. वेस, विहीर, जत्रेचा माळ, काहीही. ते "मग सांगते" म्हणाल्या तर पाणी द्या, थोडे थांबा, पण उठू नका.

 दूध आटले असेल, मी आता थांबतो.

गणपती बाप्पा मोरया!