गावाची सनद आणि ग्रामसभेतील रिकामी सतरंजी

(‘स्थानिक स्वराज्य आणि नागरिकाचे कर्तव्य’ या विषयावरील व्याख्यानाचा मजकूर)



मालवण तालुक्यातील आचरा गावाच्या गावपळणीची कीर्ती महाराष्ट्रभर पोहोचली आहे. दर तीन-चार वर्षांनी श्रीदेव रामेश्वराचा कौल होतो आणि तीन दिवस, तीन रात्री सारा गाव गुराढोरांसह वेशीबाहेर राहतो. त्यासाठी कोणताही शासकीय आदेश निघत नाही, पोलीस बंदोबस्त लागत नाही. याच किनाऱ्यावर रापण ओढली जाते, तेव्हा मिळालेल्या मासळीचे वाटे ठरल्या रीतीने होतात. ती रीतही कोणत्या राजपत्रात छापलेली नाही. स्वतःसाठी नियम करणे आणि ते निष्ठेने पाळणे, हा संस्कार या भूमीत मुरलेला आहे. प्रश्न आहे तो नियम तपासण्याचा आणि काळानुरूप बदलण्याचा.

तेही आपल्या परंपरेला नवे नाही. तामिळनाडूतील उत्तरमेरूर येथे चोळ राजा पहिला परांतक याच्या काळातील, म्हणजे इसवी सन 920च्या सुमाराचे दोन शिलालेख आहेत. गावाच्या महासभेने आपल्या समित्यांवर सदस्य कसे निवडावेत, याचे नियम पहिल्या लेखात कोरले. पात्र व्यक्तींची नावे ताडपत्राच्या तुकड्यांवर लिहून घटात टाकावीत आणि चिठ्ठी काढावी; ज्याने मागील कारभाराचा हिशेब दिला नाही, तो अपात्र ठरावा. अवघ्या दोन वर्षांनी त्याच सभेने ते नियम पुन्हा तपासले, अधिक काटेकोर केले आणि दुरुस्त मजकूर दगडावर कोरून ठेवला. त्या सभेत सर्वांना स्थान नव्हते, हे खरे. परंतु दगडावरची अक्षरेही सभेला बदलता येतात, ही जाणीव अकराशे वर्षांपूर्वी तेथे होती.

आज काय स्थिती आहे? गावाची सनद म्हणजे 1958चा ग्रामपंचायत अधिनियम आणि नगराची सनद म्हणजे 1965चा नगरपरिषद अधिनियम. दोन्ही विधिमंडळाने केलेले. सरपंच थेट जनतेतून निवडावा, असे 2017मध्ये ठरले. 2020मध्ये ते रद्द झाले. 2022मध्ये पुन्हा लागू झाले. पाच वर्षांत गावाच्या घटनेतील मुख्य कलम तीनदा फिरले. गावाला मात्र एकदाही विचारले गेले नाही.

अन्यत्र याहून वेगळी रीत आहे. अमेरिकेतील पोर्टलंड नगराची सनद तपासण्यासाठी किमान दर दहा वर्षांनी वीस नागरिकांचा आयोग नेमला जातो. 1913पासून चालत आलेली कारभाराची पद्धत बदलण्याचा प्रस्ताव अशाच आयोगाने मांडला आणि नोव्हेंबर 2022मध्ये मतदारांनी तो मंजूर केला. आपल्याकडे हा अधिकार नागरिकांना नाही. पण जो अधिकार आहे, तो तरी वापरला जातो का?

73व्या घटनादुरुस्तीने, 1993पासून, ग्रामसभेला घटनात्मक स्थान मिळाले. वर्षातून किमान चार ग्रामसभा घेणे बंधनकारक आहे. तेथे विकास आराखडा ठरतो, लाभार्थी निवडले जातात, खर्चाचा जाब विचारता येतो. तेथील ठरावाचे मोल सिंधुदुर्गाने दाखवून दिले आहे. डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीचा अहवाल 2011मध्ये सादर झाला. आपला परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून राखला जावा, असे ठराव या जिल्ह्यातील पंचवीस गावांच्या ग्रामसभांनी केल्याची नोंद त्यात आहे. ठराव झाला म्हणजे कायदा झाला असे नव्हे. पण गावाची इच्छा कागदावर आली आणि तिची दखल घेणे भाग पडले. याउलट 1987मध्ये मालवणच्या समुद्रातील सुमारे 29 चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाले. आपल्याला विश्वासात घेतले नाही, ही स्थानिक मच्छीमारांची तक्रार त्यानंतर अनेक वर्षे धुमसत राहिली. हेतू चांगला असला, तरी वरून आलेला नियम लोकांच्या मनात रुजत नाही.

मात्र दोष केवळ शासनाचा नाही. ग्रामसभेच्या गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी उपस्थिती लागते. ती झाली नाही की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नसते. म्हणजे घरी बसलेल्या शेकडो मतदारांचा निर्णय मूठभर लोक घेतात, तोही पूर्णपणे कायदेशीर! अनुपस्थिती ही तटस्थता नव्हे. ती कोऱ्या कागदावरची सही आहे. किनाऱ्यावरची जमीन, पाणी, पर्यटनाची बांधकामे असे विषय पटलावर असताना ही सही किती महाग पडेल, याचा विचार प्रत्येक कुटुंबाने करावा.

नगरवासीयांनीही निश्चिंत राहू नये. नगराचा विकास आराखडा प्रसिद्ध झाल्यावर हरकती व सूचनांसाठी मुदत असते, नियोजन समितीपुढे सुनावणीही होते. ती मुदत टळल्यावर रस्त्याची रेषा अंगणातून गेल्याचे लक्षात येते. मग उरते ती केवळ हळहळ.

म्हणून कार्यकर्त्याने आपल्या गावापुरते काही नेम करावेत. सभेची सूचना फळ्यावर लागताच ती वाडीवाडीत पोहोचवावी. मागील सभेचे इतिवृत्त आग्रहाने वाचून घ्यावे. ग्रामसभेपूर्वीच्या महिला सभेला घरातील माताभगिनींनी जावे आणि मुंबईकर चाकरमान्यांनीही गणपतीला गावी आल्यावर पंचायतीचा हिशेब विचारावा. विरोधी मताचा माणूस बोलू लागला, तर त्याला पुरते बोलू द्यावे. कारण सभा त्याचीही आहे.

स्वराज्य एकदा मिळवून कुलुपात ठेवण्याची वस्तू नाही. ते वर्षातून चार वेळा, ग्रामसभेच्या सतरंजीवर बसून, पुन्हा पुन्हा मिळवावे लागते. ती सतरंजी रिकामी राहिली, तर आपली सनद दुसरा कोणी लिहील. आणि त्याबद्दल त्याला दोष देण्याचा अधिकारही आपल्याला उरणार नाही.